जीव वाचला, पण गुन्हा कोणता? इंग्लंडमधल्या १८६१च्या कायद्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये आज कुणी कुणाचा जबडा फोडला, तर आरोपपत्रात जे कलम लागते ते बहुधा १८६१ सालच्या कायद्यातले असते. व्यक्तीविरुद्धच्या गुन्ह्यांचा हा कायदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. त्याची १८, २० आणि ४७ ही कलमे तिथल्या फौजदारी वकिलांना तोंडपाठ असतात. ती अशी विस्कळीत का, हे कळायला मात्र १८६१च्याही बरेच मागे जावे लागते.

जुन्या कॉमन लॉमध्ये, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेल्या कायद्यात, ‘मेहेम’ नावाचा गुन्हा होता. माणूस लढण्याच्या कामी येतो, म्हणून त्याची लढण्याची ताकद हिरावून घेणे हा राजाविरुद्धचाही अपराध मानला जाई. हात, बोट, डोळा किंवा पुढचा दात गेला तर मेहेम. नाक किंवा कान कापला तर मेहेम नाही, कारण त्याने माणूस नुसता विद्रूप होतो, लढायचा थांबत नाही. ज्याला इजा झाली त्याच्या वेदनेला या हिशेबात फारशी जागा नव्हती.

ही फट १६७० साली उघडी पडली. नाट्यगृहांवर कर बसवण्याची चर्चा संसदेत चालली होती, तेव्हा सर जॉन कॉव्हेंट्री या खासदाराने दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नट्यांबरोबरच्या संबंधांना टोमणा मारला. डिसेंबरमध्ये एका रात्री राजाच्या पदरच्या शिपायांनी त्याला गाठून त्याचे नाक चिरले. संतापलेल्या संसदेने पुढच्याच वर्षी कायदा केला: दबा धरून, विद्रूप करण्याच्या हेतूने नाक चिरणे, जीभ कापणे, डोळा फोडणे याला फाशी. मारहाणीचा साधकबाधक विचार करून हा कायदा झाला नव्हता. एका खासदाराच्या नाकासाठी तो झाला, आणि पुढची दोनशे वर्षे इंग्लंडने याच पद्धतीने काम केले.

त्याचे परिणाम विचित्र होते. १७२२ साली बरी सेंट एडमंड्स या इंग्लंडमधल्या गावात अरुंडेल कोक या वकिलावर खटला चालला. त्याने जॉन वुडबर्न नावाच्या मजुराला हाताशी धरून आपल्याच मेव्हण्यावर कोयत्याने हल्ला करवला होता. मेव्हणा वाचला. कोकने बचाव मांडला की आपल्याला त्याला विद्रूप करायचे नव्हतेच, ठार मारायचे होते! बचाव वेडगळ नव्हता. त्या काळी खुनाचा प्रयत्न हा किरकोळ वर्गातला गुन्हा होता आणि नाक चिरण्याला फाशी होती. ज्यूरीने तो मानला नाही. दोघेही फासावर गेले.

१८०३, १८२८, १८३७ आणि १८५१ साली आणखी कायदे आले. प्रत्येकाचे शब्द वेगळे, प्रत्येकाचा हेतू वेगळा. १८६१ साली मसुदाकार चार्ल्स ग्रीव्ह्ज यांनी हे सगळे एका कायद्यात आणले, पण मुळातले शब्द बरेचसे तसेच ठेवले. बुडत्या जहाजाचा माल वाचवणाऱ्या मॅजिस्ट्रेटवरचा हल्ला, पाद्र्याला अडवणे, नोकराला उपाशी ठेवणे, असे सगळे शेजारीशेजारी आले. जे. सी. स्मिथ या प्राध्यापकांनी पुढे या कायद्याला चिंध्यांचे गाठोडे म्हटले, ते काही चूक नाही.

आपल्यासाठी यातली बोचणारी गोष्ट अशी की त्याच सुमारास भारतासाठी इंग्रजांनी नीट आखलेली दंड संहिता केली. मेकॉलेच्या आयोगाचा मसुदा १८३७चा, कायदा १८६०चा, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. तिने ‘दुखापत’ आणि ‘जबर दुखापत’ अशी सरळ विभागणी केली आणि जबर दुखापतीचे आठ प्रकार लिहूनच ठेवले. हाड मोडले किंवा दात पडला तर जबर दुखापत, हे तालुक्याच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदारालाही ठाऊक असते. वीस दिवस नेहमीचा कामधंदा करता न येण्याची कसोटी भारतीय न्याय संहितेने आता पंधरा दिवसांवर आणली, पण चौकट तीच आहे. इंग्लंडला स्वतःसाठी मात्र अशी चौकट कधीच करता आली नाही.

तिथे व्याख्याच नसल्याने सगळा भार न्यायाधीशांवर पडला. कलम २० म्हणजे जखम किंवा गंभीर इजा. कलम ४७ म्हणजे हल्ल्यातून झालेली साधी इजा. तरी कमाल शिक्षा दोन्हींना पाच वर्षेच. कलम १८ मध्ये गंभीर इजेचा हेतू सिद्ध झाला की कमाल शिक्षा थेट जन्मठेपेवर जाते. जखम म्हणजे कातडीचे दोन्ही थर फाटले पाहिजेत. त्यामुळे १९८३च्या एका खटल्यात छर्रा लागून डोळ्याच्या आत रक्त साकळले, तरी ती कायद्याने जखम ठरली नाही. उलट बारीकशी चीरही जखम ठरू शकते.

सर्वात मोठी कसोटी १९९७ साली लागली. आयर्लंड आणि बर्स्टो या आडनावांच्या दोन आरोपींनी स्त्रियांना वारंवार फोन करून पलीकडून काही न बोलता छळले होते. त्या स्त्रियांना मानसिक आजार जडले, पण अंगाला कुणी हात लावला नव्हता. शरीराच्या इजेत निदान झालेला मानसिक आजारही येतो आणि नुसत्या शांततेनेही हल्ला होऊ शकतो, असा निकाल हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, दिला. निकाल न्याय्यच होता. पण घरात बसून फोनच्या घंटीला घाबरणाऱ्या बाईला टेलिफोनच्या आधीच्या कायद्यात जागा शोधावी लागावी, हे संसदेचे अपयश आहे.

त्याच वर्षी आयर्लंड प्रजासत्ताकाने आपला नवा कायदा करून १८६१च्या या तरतुदी सोडल्या. इंग्लंडमध्ये १९८०, १९९३ आणि १९९८ साली सुधारणेचे प्रस्ताव आले. २०१५ साली विधी आयोगाने इजेच्या गांभीर्याप्रमाणे आणि आरोपीच्या हेतूप्रमाणे चढत्या पायऱ्यांची रचना सुचवली. त्यात हेतुपुरस्सर गंभीर इजेला जन्मठेप, बेदरकारपणे केलेल्या गंभीर इजेला सात वर्षे, साध्या इजेला पाच वर्षे होती. संसदेने ती स्वीकारलेली नाही.

संसदेने केले ते पुन्हा एकेका प्रसंगापुरतेच. गळा दाबल्याच्या खुणा अनेकदा दिसत नाहीत, म्हणून घरातल्या मारहाणीत अशा प्रकारांना साध्या हल्ल्याचे, कमाल सहा महिन्यांचे कलम लागत असे. स्त्रियांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. २०२१च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्याने गळा दाबणे हा स्वतंत्र गुन्हा केला, कमाल शिक्षा पाच वर्षे, अंमल ७ जून २०२२ पासून. ही तरतूद हवीच होती. फक्त तीही १८६१च्या कलमांच्या शेजारी आणखी एक कलम म्हणून जाऊन बसली आहे. ती कलमे जशी होती तशीच आहेत.