मेणबत्ती, पेला आणि तो ‘एक पंचमांश’

ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत विझते, पाणी आत चढते आणि फळ्यावर निष्कर्ष येतो: सगळा ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन २१ टक्के.

टक्केवारी खरी, पुरावा खोटा. बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते; शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा गार होऊन आकसते म्हणून. नीट पाहा: ज्योत असेपर्यंत पाणी जेमतेम हलते, विझताच सर्रकन वर येते. त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी चढेल. ऑक्सिजन तर तेवढाच होता! (आमच्या वर्गात मात्र ‘एक पंचमांश’ लिहिल्याशिवाय गुण मिळत नसत.)