जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन त्रास देतंय? आधी करंट बघा, कार्बोरेटर नंतर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वागळे इस्टेट, ठाणे

"कार्बोरेटर गेलाय, खोलून साफ करून द्या" असं सांगत ज्या जुन्या गाड्या आमच्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बिचारा ठणठणीत असतो, बिघाड असतो करंटमधे, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या भागांत: कॉइल, पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर, रोटर, प्लग यातच कुठेतरी. आणि आमच्याकडे यायच्या आधी कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही कार्बोरेटरची सेटिंग फिरवून ठेवलेली असते, मग मूळचा दोष राहतो बाजूला आणि वर हा नवीन दोष, दोन्ही शोधायला वेळ जातो, बिल तुमचंच वाढतं. खालचे आकडे एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे आहेत, 1798 सीसी, चार सिलेंडर, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. मिजेट, ट्रायम्फ, हेराल्ड अशी दुसरी जुनी गाडी असेल तर तपासायचा क्रम हाच ठेवा, आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधून घ्या.

हात घालायच्या आधी एवढं पाळा. चालू इंजिनची प्लग वायर हाताने ओढायची नाही, हजारो व्होल्ट असतात. ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन फॅनपासून लांब. फायर एक्स्टिंग्विशर जवळ. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन करून गप्पा मारत बसायचं नाही, पॉइंट बंद स्थितीत असतील तर कॉइल तापत राहते आणि तिचं आयुष्य तिथेच कमी होतं.

सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही

चावी ऑन केल्यावर मागून पंपाची टिकटिक येते का ऐका. थोडी टिकटिक होऊन थांबली तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचलंय. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे नाहीतर कुठेतरी हवा खेचतोय किंवा गळतंय, आणि आवाजच नसेल तर पंपाचे स्वतःचे पॉइंट चिकटलेत किंवा त्याला सप्लाय नाही. (होय, पंपातही पॉइंट असतात. हलकेच टकटक केलं की पंप बहुतेक वेळा चालू होतो, पण तो घरी पोचण्यापुरताच समजा.)

पंप ठीक असेल तर एक प्लग काढा, वायरला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनला टेकवून ठेवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. निळा, जाड, चट्चट् आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळट, बारीक, कधी येतो कधी नाही असा असेल तर कार्बोरेटरला हात लावायचा नाही, उत्तर मिळालंय.

स्पार्क अजिबातच नसेल तर साधा टेस्टर बल्ब घ्या, एक टोक कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग, पॉइंट याच्याच आत असतात) जाते, दुसरं बॉडीला, चावी ऑन, आणि इंजिन हळूहळू फिरवा. पॉइंट उघडले की बल्ब पेटला पाहिजे आणि मिटले की विझला पाहिजे. कायम पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, काजळी धरलीय किंवा आतली अर्थची वायर तुटलीय. पेटतच नसेल तर कॉइलपर्यंत सप्लायच येत नाही, नाहीतर पॉइंट कुठेतरी बॉडीला शॉर्ट झालेत, आणि नवीन पॉइंट बसवल्या बसवल्या हे झालं असेल तर इन्सुलेशनचा वॉशर उलटसुलट बसलाय असं खुशाल समजा.

पॉइंट, कंडेन्सर, रोटर

पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधे करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पॉइंट उघडले की ते एकदम कोसळतं आणि त्यातून प्लगला लागणारं हाय व्होल्टेज निघतं. कंडेन्सरचं काम एवढंच की पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू द्यायची नाही आणि करंट झटक्यात तुटू द्यायचा. म्हणून कंडेन्सर गेला की पॉइंट लवकर जळतात, निळे पडतात, एका बाजूला खड्डा दुसऱ्या बाजूला टेकाड, आणि लोक पॉइंट बदलत राहतात. पॉइंट परत परत जळत असतील तर कंडेन्सर बघा, आणि कॉइलही बघा: बॅलास्टवाली कॉइल, म्हणजे साधारण दीड ओहमची, करंट आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरशिवाय थेट 12 व्होल्टवर लावली तर पॉइंट टिकणार कसे? बॅलास्ट नसलेल्या साध्या गाडीला साधारण 3 ओहमची लागते. दुकानात दोन्ही दिसायला सारख्याच.

पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी, फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्या), अंदाजाने नाही. गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, पण सरकतं, त्यामुळे आधी गॅप मग टायमिंग, उलटा क्रम फुकट. प्लगचा गॅप 0.6 मिमीच्या आसपास. वायरींचा क्रम 1-3-4-2, रेडिएटरकडचा सिलेंडर एक नंबर, आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरून एकेका वायरला करंट देणारा तुकडा) फिरतो घड्याळाच्या उलट दिशेने, हे लक्षात ठेवून वायरी लावा, कारण दोन वायरी अदलाबदल झाल्या की गाडी फटके मारते आणि माणूस घाबरून थेट इंजिन खोलायच्या गोष्टी करायला लागतो.

रोटरकडे तर कुणी बघतच नाही. पितळेची पट्टी रिव्हेटने ठोकलेल्या काही रोटरमधे करंट त्या रिव्हेटमधून, प्लास्टिकमधून सरळ खालच्या शाफ्टला उतरतो, डोळ्यांना काही दिसत नाही. टेस्ट सोपी आहे: डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, कॉइलच्या मधल्या वायरचं टोक इन्सुलेटेड पक्कडीने रोटरच्या पितळेजवळ थोडं अंतर ठेवून धरा, सेल्फ मारा. ठिणगी पितळेवर उडाली तर रोटर फुटलेला आहे, चांगल्या रोटरवर ती उडायला नको. स्वस्त रोटर घेऊ नका, आम्ही बसवतच नाही.

गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

हीच तक्रार सगळ्यात जास्त, आणि घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते मानपाडा रांगेत अडकलं की हमखास. याची मुख्य कारणं दोन: कॉइल नाहीतर कंडेन्सर गरम झाल्यावर दम सोडतो, किंवा पेट्रोल उकळतं. दोन्हीची लक्षणं वरवर सारखी आणि अर्ध्या तासाने गाडी परत चालू, त्यामुळे टो करून गॅरेजला आणली की आम्हाला ती ठणठणीतच दिसते. म्हणून बघायचं तेव्हाच, गाडी बंद पडल्या पडल्या, बाजूला घेऊन, थंड व्हायच्या आत.

बंद कशी पडली ते आठवा. स्विच ऑफ केल्यासारखी एकदम गेली तर करंट. आचके देत, खोकत, रेस दिली तर जरा सावरत गेली तर पेट्रोल. इलेक्ट्रिक टॅकोमीटर असेल (अगदी सुरुवातीच्या एमजीबीत केबलचा होता) तर गाडी अजून पळत असताना काटा धाडकन शून्यावर पडला का? पडला असेल तर कॉइलचा प्रायमरी करंट तुटला: पॉइंट, वायर, चावी. काटा इंजिनबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोलकडे बघा, किंवा रोटर, टोपीसारख्या हाय व्होल्टेजच्या भागाकडे. तेवढ्यात एक स्पार्क टेस्ट झाली तर आमचं निम्मं काम तुम्हीच केलंत.

पेट्रोल उकळायचं कारण एमजीबीत समोरच दिसतं, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, मधे फक्त हीट शील्ड. ती शील्ड काढून ठेवलेल्या गाड्या आम्ही बघतो, "खडखडत होती" म्हणे. परत लावा. जुन्या मूळ शील्डवर ॲस्बेस्टॉसचा थर असू शकतो, तो घासायचा खरवडायचा नाही. आणि टायमिंग मागे असेल तरी इंजिन जास्त तापतं, म्हणजे फिरून परत करंटवरच आलो.

ठराविक रेसवरच मिसिंग

स्लोला छान, फुल रेसला छान, मधेच मिसिंग, पॅडल जरा सोडलं की आचका. डिस्ट्रिब्युटरच्या आत बेस प्लेटला एक बारीक विणलेली अर्थची वायर असते, व्हॅक्यूम ॲडव्हान्सने (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे सरकवणारी यंत्रणा) प्लेट हलली की तीही हलते, आणि वर्षानुवर्षं हलून ती आतून तुटते, वरून कापड शाबूत. जुळली की करंट, सुटली की मिसिंग. पार्ट किरकोळ किमतीचा आणि यापायी लोकांनी कार्बोरेटर रिबिल्ड करून घेतलेत. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा, प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरली की तशीच राहिली पाहिजे, नाहीतर डायफ्राम फाटलाय.

आता कार्बोरेटर

करंट पक्का, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) 0.38 मिमीला थंड इंजिनवर सेट, चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं, मगच. दोन्ही डॅशपॉटमधे (कार्बोरेटरच्या वरच्या घुमटात) ऑइल आहे का बघा, नसेल तर रेस देताना गाडी अडखळते. कार्बोरेटरखालची पिन हलकेच दाबून त्याच्या आतला पिस्टन जेमतेम उचला: रेस वाढून वाढलेलीच राहिली तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. प्लगवर बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला, कोरडी काजळी म्हणजे रिच किंवा कमजोर स्पार्क, पांढरट म्हणजे लीन, ओलं तेल म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड.

ई20 पेट्रोल

ई20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल जाळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन चालते आणि तापते, थोडं रिच करावं लागतं. जुने रबरी पाइप त्यात मऊ होतात, तडकतात, आणि गरम इंजिनवर गळणारा पाइप म्हणजे आग. इथेनॉल सहन करणारे आर9 दर्जाचे पाइप बसवून घ्या, हे काम पुढे ढकलायचं नाही. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर टाकीत तेच पेट्रोल ठेवू नका.

पावसाळ्यातल्या सकाळी चालू झाली नाही तर टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा, काळी बारीक रेघ दिसली तर टोपी बदला. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन बघा, वायरींवर निळं चमकलं तर सेट बदलायचा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन

रोज चालवत असाल तर घ्या, पॉइंटऐवजी मॉड्यूल बसतं, पॉइंटची कटकट जाते. पण 1967 पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला) आहे, चुकीचं मॉड्यूल किंवा उलट वायर लावली की मॉड्यूल जागेवर जळतं, आणि रस्त्यात ते गेलं तर दुरुस्त होत नाही, म्हणून पॉइंट, कंडेन्सर, रोटरचा जुना सेट डिकीत ठेवाच.

आमच्याकडे आणताना

कधी बंद पडते (थंड, गरम, चढावर, पावसात), कुठलं पेट्रोल होतं, शेवटी कुठला पार्ट कधी बदलला, हे कागदावर लिहून आणा. जुने काढलेले पार्ट फेकू नका, बरोबर आणा, जळलेला पॉइंट बरंच सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी सकाळी सोडून जा, आम्ही ती गायमुखच्या चढावर तापवून बघतो, त्यामुळे टाकीत किमान पाव टाकी पेट्रोल असू द्या.