ढाळजेतली किल्ली

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या वाड्यात शिरलं की आधी ढाळज लागते. तिथं कुणीही येऊन टेकावं, पाणी प्यावं. धान्य मात्र आत, बळदात. लातूरच्या एका शिकवणीची वेबसाइट तपासायला घेतली, तर बळदाची किल्ली ढाळजेतल्या खुंटीला लटकलेली.

ही किल्ली म्हणजे कॉन्फिगरेशन फाइल. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती 'डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी' या नावाने असते. आत डेटाबेसचं नाव, युजरनेम, पासवर्ड, सगळं साध्या अक्षरांत. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला तर एरवी कोरं पान येतं, कारण सर्व्हर, म्हणजे साइट ठेवलेला संगणक, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतली फाइल चालवतो आणि फक्त निकाल पाठवतो. या फाइलचा निकाल काहीच नसतो. पण इथं कुणीतरी दुरुस्तीआधी प्रत काढून नावाच्या शेवटी 'डॉट बीएके' जोडलं होतं. शेपूट बदललं की सर्व्हर तिला पीएचपी म्हणून ओळखत नाही, जशीच्या तशी मागणाऱ्याच्या हाती देतो. मुलांची नावं, पालकांचे मोबाइल नंबर त्याच डेटाबेसमध्ये होते.

लातूरची छोटी साइट कोण शोधणार, असं वाटतं. शोधावी लागतच नाही. दिसेल त्या सर्व्हरवर अशी ठरावीक नावं मागून पाहणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. गुप्त फोल्डरचं नाव 'रोबोट्स' फाइलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांनी कुठं जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहून लपवणारेही भेटतात. ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणजे चोराला आपणच वाट दाखवली.

कॉन्फिगरेशन फाइल सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर ठेवावी. वर्डप्रेस तिला तिथंही शोधतं. लाराव्हेल या पीएचपीत साइट बांधायच्या साधनात तर 'पब्लिक' हा एकच फोल्डर जगासमोर असावा, पासवर्डांची 'डॉट ईएनव्ही' फाइल त्याच्या बाहेर. हलवणं जमत नसेल तर 'एचटीअ‍ॅक्सेस' या नियमांच्या फाइलमध्ये मनाईचा नियम लिहावा, पण तो अपॅची हा सर्व्हर प्रोग्रॅम पाळतो, एनजिनएक्स हा दुसरा प्रोग्रॅम ती फाइल वाचतच नाही. फाइलची परवानगी 440, म्हणजे फक्त मालकाला आणि त्याच्या गटाला वाचता येईल अशी, ठेवली की त्याच होस्टिंगवरच्या इतर साइटवाले शेजारी दूर राहतात. ब्राउझरमधून येणाऱ्याला मात्र ती अडवत नाही, कारण त्याच्यासाठी फाइल वाचणारा सर्व्हरच असतो आणि त्याला परवानगी असतेच.

आम्ही ती प्रत काढली, डेटाबेसचा पासवर्ड आणि लॉगिनच्या गुप्त चाव्या बदलल्या. मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुणी काय मागितलं याची नोंदवही, उघडला. फाइलच्या नावापुढे 404 असेल तर ती मिळाली नाही, 200 असेल तर दिली गेली. लॉग शेवटच्या महिन्याचाच उरला होता, त्यात 200 नव्हता. त्याआधीचं कळायला मार्ग नव्हता. तेव्हा पालकांना हे आजच कळवा, असं मी संचालकांना सांगितलं.