आधी तेल, मग कोरणं

सराफाकडे मोडीत आलेल्या जुन्या चांदीत एक वस्तू अधूनमधून दिसते. बारीक कडीत अडकवलेल्या तीन काड्या: एक टोकदार, एक चिमटा, आणि तिसरीच्या टोकाला मुगाच्या डाळीएवढी उथळ वाटी. टोकदार ते दातकोरणं, वाटीचं ते कानकोरणं. आमच्या आजोबांचं असं जुडगं चंचीत अडकित्त्याशेजारी असायचं. जेवण झालं, पान लागलं, की ते ओटीवर बसून डोळे अर्धे मिटून कान कोरायला घ्यायचे. चेहऱ्यावर समाधान. आणि मधेच ठसका. पान घशात अडकलं असं आजी म्हणायची. पण ठसका पानाचा नव्हता. घसा आणि फुप्फुसं सांभाळणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेची एक बारीक फांदी कानाच्या नळीत येते. तिला धक्का लागला की काही जणांना खोकला येतो. कान कोरताना जी गुंगी येते, तीही तिथल्या अशाच नाजूक नसांची करामत.

असंच जुडगं हडप्पाच्या उत्खननातही निघालं. तांब्याचं, एकत्र अडकवलेलं: टोचणी, चिमटा आणि कानकोरणं. मेसोपोटेमियातल्या ऊर शहरातही त्याच घडणीचे संच सापडले. चार हजारांहून अधिक वर्षांत या वस्तूच्या आकारात सुधारणा करावी असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

पण ज्यासाठी हे कोरणं घडवलं, तो मळ मुळात घाण नव्हे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला भाग हाडाचा, त्यावर कागदासारखी पातळ त्वचा, आणि शेवटी पडदा. ग्रंथींचा स्निग्ध पाझर, झडलेली त्वचा आणि धूळ मिळून मळ होतो. तो किंचित आम्ल असतो, ओल टिकू देत नाही, जंतूंना आणि किड्यांना थोपवतो. शिवाय कान स्वतःच झाडू मारत असतो. पडद्यावरची त्वचा मधून कडेला आणि तिथून नळीतून बाहेर सरकत राहते. 1964 मध्ये अल्बर्टी या संशोधकाने पडद्यावर शाईचे ठिपके ठेवून हा प्रवास मोजला. वेग दिवसाला मिलिमीटरचा दहावा भाग, कधी त्याहूनही कमी. म्हणजे मळ बाहेर यायला महिने लागतात. पण येतो, फक्त मधे कुणी काडी घालून त्याला परत आत ढकलायला नको.

मग काढावा कधी लागतो? नळी अरुंद किंवा वाकडी असेल, केस दाट असतील, वय झालं की मळ कोरडा पडतो तेव्हा, आणि दिवसभर श्रवणयंत्र घालणाऱ्यांचा मळ बाहेर यायची वाटच बंद होते तेव्हा. हे अडलेले कान प्राचीन वैद्यांनाही माहीत होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितलेत. त्यातला एक कर्णगूथ: पित्ताच्या उष्णतेने कफ सुकून नळीत घट्ट बसतो तो. त्यावरचा उपाय वाचताना मला आजच्या दवाखान्यातली चिठ्ठी वाचल्यासारखं वाटलं. तेलाने भिजवा, शेक देऊन सैल करा, आणि मग वैद्याने शलाकेने काढावा. क्रम महत्त्वाचा, आणि ‘वैद्याने’ हा शब्दही. रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या वैद्यकग्रंथकाराने लिहिलं ते यापासून फार दूर नाही: मळ असेल तर व्हिनेगरमध्ये थोडा सोड्यासारखा खार मिसळून घालावा आणि मऊ झाला की कान धुवावा. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांपैकी एक प्रकार सोडियम बायकार्बोनेटचाच असतो, म्हणजे खाण्याचा सोडा.

तेव्हा काय करायचं हे दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. अडचण होती ती दिसण्याची. अडीच सेंटिमीटरच्या वाकड्या अंधाऱ्या बोळकांडीत, हलक्या धक्क्याने फाटेल अशा पडद्यापाशी, आपण नेमकं काय खरवडतोय हे कुणालाच दिसत नव्हतं.

रस्त्यावरचा कान साफ करणारा याच अंधारात काम करत आला. उत्तरेत त्याला कनमैलिया म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात साहेबलोकांसाठी इथल्या चित्रकारांनी धंदेवाइकांची चित्रं रंगवली, त्यांत न्हावी, भिस्ती यांच्याबरोबर हाही आहे. मुंबईत तो बोरीबंदर, चौपाटी, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास दिसायचा. खूण म्हणजे डोक्याला लाल पागोटं आणि त्यात खोचलेली लांब सळई. हातात छोटी पेटी, तेलाची बाटली, कापूस. गिऱ्हाइकाला तो कट्ट्यावर बसवायचा तो हवा तसा नाही, उन्हाकडे कान करून. पाळी नखांनी धरून वर आणि मागे ओढायचा. हे तंत्र अगदी बरोबर आहे. मोठ्या माणसाची नळी अशीच सरळ होते, डॉक्टरही हेच करतात. मग सळईला कापसाचा पीळ देऊन दोन थेंब तेल, थोडं थांबणं आणि हळूहळू फिरवणं. बोटं सराईत असायची, हे नाकारण्यात अर्थ नाही.

लबाडीही होती. कानातून ‘खडा’ काढून दाखवणं हा या धंद्यातला जुना हातचलाखीचा प्रकार. दहा रुपयांचं काम ठरलेलं असताना तळहातावर एकदम तीन-चार खडे यायचे आणि प्रत्येक खड्याचे पैसे वेगळे. गोव्यात कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर परदेशी पर्यटक हे मुख्य गिऱ्हाईक झालं, तसं पेटीत एक वहीही आली. आधीच्या गिऱ्हाइकांनी आपापल्या भाषेत लिहून दिलेली प्रशस्तिपत्रं. त्यातल्या काहींत पुढच्याला सावध राहायला सांगितलेलं असायचं म्हणतात, पण ज्याला वाचता येत नाही तो तेच पान अभिमानाने उघडून दाखवणार. खरी भीती लबाडीची नव्हती. एकच सळई, एकच बाटली, दिवसभर वेगवेगळे कान, आणि शेजारून कुणी धक्का दिला तर सळईच्या टोकाशी पडदा.

डोळ्यांत तेल घालून पाहावं म्हणतात. इथे तेल कानात होतं आणि पाहायची सोय नव्हती. ती सोय झाली एका साध्या आरशामुळे. 1841 मध्ये जर्मनीतल्या वेस्टफालियात फ्रीडरिख होफमान या डॉक्टरने मधे भोक पाडलेला अंतर्गोल आरसा वापरला. खिडकीतला उजेड आरशावरून कानात जायचा आणि डॉक्टर भोकातून बघायचा. म्हणजे पागोटंवाला गिऱ्हाइकाचं डोकं उन्हाकडे फिरवायचा, यांनी ऊनच कानाकडे फिरवलं. फार कुणी लक्ष दिलं नाही. 1855 मध्ये व्यूर्त्सबुर्गच्या अँटोन फॉन ट्रॉल्चने तोच आरसा पुन्हा पुढे आणला, आणि पुढे तो कपाळावर चढला. दोन्ही हात मोकळे झाले. जुन्या मराठी सिनेमातला डॉक्टर कपाळावर गोल चकाकती थाळी बांधून फिरतो, ती हीच. स्टॉकहोममध्ये 1921 साली कार्ल ऑलोफ नायलेनने कानाच्या शस्त्रक्रियेला सूक्ष्मदर्शक लावला, 1953 मध्ये त्साइस या जर्मन कंपनीचं शस्त्रक्रियेचं सूक्ष्मदर्शक बाजारात आलं. आज मोठ्या दवाखान्यात त्याखाली बारीक नळीने मळ ओढून घेतात ते सक्शन म्हणजे याच वाटेचं पुढचं टोक.

पण बहुतेक ठिकाणी अनेक दशकं राज्य केलं ते पिचकारीने: धातूची मोठी सिरिंज, कोमट पाणी आणि कानाखाली धरलेलं मूत्रपिंडाच्या आकाराचं भांडं. या पिचकारीने वैद्यकाला एक नोबेल मिळवून दिलं, ही गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. व्हिएन्नात रॉबर्ट बाराणी नावाचा तरुण डॉक्टर रोज रुग्णांचे कान धुवायचा. धुताना कित्येकांना गरगरायचं आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देत हलायचे. एक रुग्ण म्हणाला, पाणी पुरेसं गरम नसलं की मला चक्कर येते. बाराणीने पुढच्या वेळी जास्त गरम पाणी वापरून पाहिलं. चक्कर आलीच, पण डोळे आता उलट्या दिशेने झटके देत होते. त्याला आठवला पाणी तापवायचा बंब: गरम पाणी वर चढतं, गार खाली बसतं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या नळ्यांतला द्रवही कानाजवळच्या गार-गरम पाण्याने असाच वाहत असणार. या एका तर्कातून तोल तपासायची चाचणी निघाली आणि बाराणीला 1914 सालचं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा तो पहिल्या महायुद्धातला कैदी म्हणून रशियाच्या ताब्यात, मध्य आशियातल्या मर्वच्या छावणीत होता.

ती चाचणी आजही आहे. अवयवदानाआधी मेंदू मृत झाल्याची खात्री करताना अतिदक्षता विभागात कानात गार पाणी घालून डोळे हलतात का पाहतात. त्याआधी कानात मळाचा बोळा नाही ना, हे बघून घ्यावं लागतं.

पिचकारीचे तोटे होते. आधीच भोक असलेल्या पडद्यावर पाण्याचा झोत गेला की पाणी थेट मधल्या कानात. जोर चुकला तर चांगला पडदाही फाटायचा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2018 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी हाताने दाबायची पिचकारी नको असंच सांगितलं. दाब आवरता येणारं यंत्र, किंवा सक्शन. आपल्याकडच्या ओपीडीत हाताची पिचकारी अजून भेटते. हात जाणता असेल, तपासून घेतलं असेल, तर भागतंही.

विसाव्या शतकात कानांना सगळ्यात जास्त त्रास दिला तो पिचकारीने नव्हे, सळईनेही नव्हे. 1923 मध्ये अमेरिकेत लिओ गेर्स्टनझँगने आपल्या बायकोला टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून बाळाला पुसताना पाहिलं, अशी कथा सांगतात. त्याने तयार कापसाच्या काड्या विकायला काढल्या. नाव ‘बेबी गेज’, 1926 मध्ये ‘क्यू-टिप्स बेबी गेज’. आपल्याकडे त्या बड्स झाल्या. पाकिटावर पुढे सूचना आली की कानाच्या नळीत घालू नका. ज्या कामासाठी लोक वस्तू घेतात नेमकं तेच करू नका असं तिच्यावरच छापलेलं असावं, असं दुसरं उदाहरण मला पटकन सुचत नाही. कापसाचं बोंड नळीपेक्षा फारसं बारीक नसतं. बाहेरचा थोडा मळ त्याला चिकटतो, तो पिवळा डाग बघून बरं वाटतं, आणि उरलेला मळ तोफेत दारू ठासावी तसा पडद्याशी जाऊन बसतो. हेअरपिन, काडीपेटीची काडी, रिफिल, खराट्याचा हीर, स्कूटरची किल्ली ही बडच्या आधीची आणि नंतरचीही मंडळी. 1 जुलै 2022 पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, तिच्या यादीत प्लास्टिकच्या काडीचे इअरबड्स होते. कानाचे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगून थकले, शेवटी काडी गेली ती प्लास्टिकचा कचरा होतो म्हणून. कागदाच्या काडीचे बड आले आहेतच.

तेलाचं काय? सुश्रुताने तेल सांगितलं ते घट्ट मळ भिजवायला. आपल्या घरांत ते रोजचं झालं. बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल, कानात तेल, वरून कानटोपी. मोठ्यांना ठणका लागला की लसूण तळलेलं गरम तेल. पडदा शाबूत असेल तर दोन थेंब खोबरेल मळ मऊ करतं, यात वाद नाही. पण पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर ते तेल जिथे जाऊ नये तिथे जातं. आणि कोकणात, मुंबईत जून-जुलैच्या दमट हवेत तेलकट, ओलसर, कोरून ओरखडलेल्या नळीत बुरशी धरते. डॉक्टर आत बघतात तेव्हा ती भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी दिसते, वर काळे ठिपके. खाज सुटते म्हणून माणूस आणखी कोरतो.

मळ सगळ्यांचा सारखा नसतो हेही लक्षात घ्यायला हवं. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की मळ चिकट की कोरडा हे एबीसीसी-11 या एका जनुकातल्या एका अक्षरावर ठरतं. चीन-जपानकडे कोरडा, भुरभुरीत मळ जास्त, म्हणून तिथे बांबूची चमच्यासारखी काडी चालते.

सरकारने कानांकडे स्वतंत्रपणे बघायला सुरुवात केली ती बरीच उशिरा. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006-07 मध्ये 25 जिल्ह्यांपासून सुरू झाला. त्याच्या कागदपत्रांत बरी होऊ शकणाऱ्या बहिरेपणाच्या कारणांत पहिला नंबर मळाचा आहे, 15.9 टक्के. म्हणजे ज्या पोराला बाई ‘लक्ष देत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात, त्याचा कान फक्त बुजलेला असू शकतो. जागतिक श्रवण दिन 3 मार्चला असतो, तोही तारखेतले दोन 3 समोरासमोर ठेवले की दोन कान दिसतात म्हणून.

गेल्या पावसाळ्यात माझा डावा कान अंघोळीनंतर बंद झाला. मळ पाणी पिऊन फुगतो, तेव्हा नेहमी असंच होतं. डॉक्टरांनी आत बघितलं आणि काही काढलं नाही. थेंब दिले: चार दिवस, कुशीवर झोपून पाच मिनिटं. त्या चार दिवसांत कान आणखी बंद झाला. तेही होणारच असं त्यांनी आधी सांगितलं होतं. मधे ऑनलाइन एक कानकोरणं दिसलं, टोकाशी कॅमेरा, मोबाइलवर चित्र, अगदी स्वस्त. बोट तिथे थबकलं हे खरं. मोबाइलच्या पडद्यावर सपाट चित्र दिसतं, खोली दिसत नाही, हे आठवलं म्हणून पुढे गेलो.

पाचव्या दिवशी गेलो तेव्हा सिस्टरने खांद्यावर टॉवेल टाकला, भांडं धरायला दिलं, आणि पाण्याचे दोन थेंब आपल्या मनगटावर टाकून पाहिले, बाळाच्या दुधाचं बघतात तसं. मग म्हणाली, “जरा थांबा काका, निवू दे.”