वणवा आणि माळरानावरील रानफुले

महाराष्ट्रातील गवताळ माळांवर आणि सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर साधारण फेब्रुवारी ते मे या काळात लागणारी आग, आणि ती सोसून पुन्हा फुटणाऱ्या व फुलणाऱ्या स्थानिक वनस्पती यांच्यातील संबंध हा या लेखाचा विषय. वणवा म्हटला की जळून खाक झालेला डोंगर डोळ्यांपुढे येतो. माळाच्या बाबतीत हे चित्र अर्धेच खरे आहे, कारण तिथल्या अनेक बहुवर्षायू वनस्पतींचा जीव जमिनीखाली असतो.

गवताची आग झपाट्याची असते. वाळलेले गवत एका जागी फार तर मिनिट-दोन मिनिटे जळते आणि ज्वाळा पुढे सरकते. चढावर ती जास्त वेगाने धावते, कारण पुढे कललेली ज्वाळा वरच्या अंगाच्या गवताला आधीच तापवून ठेवते. जमिनीच्या पृष्ठभागावर तापमान काही शे अंश सेल्सिअसपर्यंत चढले, तरी चार-पाच बोटे खाली मातीला त्याची फारशी झळ लागत नाही. कोरड्या मातीतून उष्णता हळू वाहते आणि ती आत पोचण्याआधी आग निघून गेलेली असते. गवताचे ठोंब, कंद, गड्डे, जाड मुळे असे सारे त्या काळ्या राखेखाली जिवंत राहते. मुसळी, दिपकाडी, कळलावी, कंदीलपुष्पे यांचे कंद असेच खाली दबून असतात आणि पाऊस पडला की वर येतात. रानकांदा तर पावसाचीही वाट पाहत नाही. ऐन उन्हाळ्यात, अंगावर एक पान नसताना, त्याचा फुलांचा दांडा सरळ उभा राहतो.

वणव्याशी असलेले हे नाते सर्वांत ठळकपणे दिसते ते डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा या वनस्पतीत. अडुळसा ज्या कुलात येतो त्याच वासक कुलातील ही जात. तिचे वर्णन लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या क्यू बुलेटिन या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. मंदार दातार, आदित्य धारप आणि भूषण शिगवण हे तिचे वर्णनकर्ते. तिचे पहिले नमुने २०२० च्या पावसाळ्यात तळेगाव दाभाडे परिसरातील गवताळ उतारांवरून गोळा केले होते. हा परिसर गवतासाठी आणि चाऱ्याच्या बाजारासाठी ओळखला जातो. नवी वनस्पती निबिड अरण्यातच सापडेल असे वाटणाऱ्यांनी या गोष्टीची नोंद घ्यावी. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर, जिथून गवताचे भारे बाजारात जात राहिले, त्या माळावर ही जात होती.

ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. पहिला बहर पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दुसरा मे-जूनमध्ये, आणि तो वणव्याने सुरू होतो. वरचे झाड जळून गेल्यावर जमिनीतल्या लाकडी गड्ड्यातून आखूड, बुटके फुटवे येतात आणि त्यांना थेट फुलेच लागतात. हा बहर थोडे दिवस टिकतो, पण असतो भरगच्च. एकाच गड्ड्याची ही दोन रूपे इतकी निराळी की शेजारी ठेवली तर एका जातीची वाटू नयेत. बहुरूपी या अर्थाचे ‘पॉलिमॉर्फा’ हे नाव तिला शोभते. तिचा फुलोरा कणसासारखा असतो. डायक्लिप्टेरा या प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, भारतातील इतर कोणत्याही जातीत तसा फुलोरा दिसत नाही, तिचे जवळचे नातलग आफ्रिकेत आहेत. क्यू उद्यानातील या कुलाचे तज्ज्ञ इयान डार्बीशर यांनी तिचे वेगळेपण तपासून मान्य केले.

पाऊस नाही, पाने नाहीत, तरी फुलायला बळ कुठून येते? आधीच्या पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न गड्ड्यात साठलेले असते, ते या वेळी खर्ची पडते. जळालेल्या जमिनीवर फुलण्याचे फायदेही उघड आहेत. भोवती उंच गवत नसल्याने ऊन पूर्ण मिळते, फूल किड्यांना लांबून दिसते, आणि बी पडते ते मोकळ्या मातीवर, मृगाच्या तोंडावर.

बी वाचवण्याची एक निराळी तऱ्हा कुसळी गवतात पाहायला मिळते. तिचे कुसळ पायमोज्यात घुसून पोटरी ओरबाडते, हा अनुभव माळावर चाललेल्या प्रत्येकाला आहे. तेच कुसळ हातात घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. पिळलेली शेपटी डोळ्यांदेखत उलगडत फिरू लागते. वाळली की पुन्हा पीळ घेते. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या पाळीने हा पीळ सुटत-बसत राहतो आणि टोकदार बी भेगेत, मातीत शिरत जाते. वणवा येईपर्यंत त्यातले पुष्कळसे जमिनीच्या आड गेलेले असते, वर राहिलेले करपून जाते. तेरडा, सोनकी यांसारख्या एकवर्षायू रानफुलांना असा पीळ नाही. मूळ झाड वणव्याच्या आधीच वाळून संपलेले असते आणि पुढचा बहर सारा मातीत मिसळलेल्या बियांवर अवलंबून असतो.

जगाच्या इतर कोरड्या प्रदेशांत हे नाते अधिक खोलवर अभ्यासले गेले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील फाइनबोस नावाच्या झुडुपी प्रदेशात अग्निकमळे वणव्यानंतर पंधरवड्याच्या आत लाल फुले घेऊन उभी राहतात. तिथल्याच एका झुडपाचे बी धुरामुळे रुजते असे १९९० साली दाखवून देण्यात आले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये धुरातील नेमके रसायन शोधले. त्या गटातील रसायनांना पुढे ‘कॅरिकिन’ नाव मिळाले, ते तिथल्या नूंगार लोकांच्या भाषेतील धुरासाठीच्या शब्दावरून. कॅलिफोर्नियाच्या चॅपरल झुडुपांत काही एकवर्षायू फुलझाडांचे बी जमिनीत दशकानुदशके पडून राहते आणि आग लागून गेल्यावरच्या पहिल्या पावसात उगवते. मात्र त्या प्रदेशांत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि एकाच जागी आग पुन्हा लागायला सहसा दहा-वीस वर्षे, चॅपरलमध्ये तर कित्येक दशके लागतात. तिथले निष्कर्ष उचलून आपल्या माळावर ठेवता येत नाहीत.

महाराष्ट्रातील वणवे जवळजवळ सगळे माणसाने लावलेले किंवा माणसाच्या हातून लागलेले असतात. वळवाच्या विजा पडतात, पण त्यांच्याबरोबर बहुधा पाऊसही येतो. गवत जाळले की पुढच्या वर्षी चारा जोमाने येतो ही समजूत, भातखाचरातला राब भाजताना सुटलेली ठिणगी, विदर्भात मोहफुले वेचायला सोपे जावे किंवा तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून पेटवलेला पाचोळा, डोंगरावर फिरायला आलेल्यांची विडी-सिगारेट अशी कारणे आहेत. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे.

तरीही उन्हाळी कोरडेपणा, चराई आणि आग यांच्या सोबतीने वाढलेला गवताळ प्रदेश ही काल-परवाची गोष्ट नव्हे. उष्ण प्रदेशातील गवते भारतीय उपखंडात सुमारे ७०-८० लाख वर्षांपूर्वी पसरली, याचा पुरावा शिवालिक टेकड्यांच्या थरांत मिळतो. दख्खनचा माळ म्हणजे तोडून उजाड केलेले जंगल, ही समजूत सरकारी कागदांतून रुजली. गड्ड्यात जीव ठेवून जगणाऱ्या, इतरत्र न सापडणाऱ्या इतक्या वनस्पती ज्या जमिनीवर आहेत, तिला ‘पडीक’ म्हणणे चुकीचे आहे.

पण आग सोसणारी वनस्पती कितीही आगी सोसते असे मानणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक. गड्ड्यातला साठा एका फुटव्यापुरता वापरला की तो पुन्हा भरायला पूर्ण पावसाळा लागतो. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर रोपांना मूळ जाड करण्याइतकी उसंतच मिळत नाही. जुने गड्डे टिकतात, नवे तयार होत नाहीत, आणि ही घट वरून पाहणाऱ्याला वर्षानुवर्षे कळत नाही. आगीच्या वेळेलाही महत्त्व आहे. हिवाळ्याच्या शेवटी, गवतात थोडी ओल असताना लागलेली आग थंड आणि ठिपक्याठिपक्यांनी जळते. एप्रिल-मेमधली आग सलग आणि तापट असते. त्याच दिवसांत टिटवी आणि चंडोल यांची अंडी-पिल्ले उघड्या जमिनीवर असतात. त्यांना खाली जायला गड्डा नसतो. उघडा पडलेला उतार पहिल्या जोरदार पावसात मातीही सोडतो.

घाणेरी आणि रानमोडी या परदेशी झुडुपांनी हे गणित आणखी बिघडवले आहे. घाणेरी जळाली तरी बुडख्यातून फुटते, आणि तिच्या वाळक्या काड्या गवतापेक्षा जास्त वेळ, जास्त उष्णतेने जळतात. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन डोंगरांतील सोलिगा लोक हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची छोटी, थंड आग लावत असत. ती प्रथा बंद पडल्यानंतर घाणेरी माजली, असे ते सांगतात आणि अभ्यासकांनीही त्याची दखल घेतली आहे. तिथली गोष्ट वृक्षांच्या जंगलातली आहे, ती जशीच्या तशी माळाला लागू नाही. पण आग कोणी, कधी आणि किती लावली याने फरक पडतो, हे तिच्यातून दिसते.

वन विभाग उन्हाळ्याच्या आधी जाळरेषा काढतो, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत देखरेखीखाली जाळून वणव्याचा मार्ग तोडतो. वणवा लागलाच तर वनरक्षक आणि गावकरी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून तो विझवतात. आता पाने उडवणारी यंत्रेही वापरली जातात. हे काम जिवावरचे आहे आणि त्याची कदर झालीच पाहिजे. काळजी वाटते ती त्यानंतरच्या उपायाची. वणवा लागून गेलेला उतार हिरवा करायचा म्हणून सलग समतल चर, म्हणजे उतारावर समान उंचीच्या रेषेत लांबच लांब चर, खणले जातात, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) किंवा इतर झाडांच्या रोपांसाठी खड्डे घेतले जातात. आग चार-पाच बोटांच्या वर थांबते. यंत्राचा फाळ त्याच्या बराच खाली जातो. वणव्यातून वाचलेला गड्डा तिथे उपटून उन्हात वाळतो, आणि लावलेले रोप जगले तर त्याच्या सावलीत उन्हाचे गवत व रानफुले उरत नाहीत.

माळावरच्या रानफुलांची पाहणी बहुतेक जण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये करतात. डायक्लिप्टेराचा दुसरा बहर पाहायचा तर जळालेल्या उतारावर मेच्या उन्हात जावे लागते आणि गुडघे टेकून राखेत शोधावे लागते, कारण फुटवे बुटके असतात आणि उभ्याने पाहिले तर ते जळक्या ठोंबांत हरवून जातात.