अँटी-टीपीओचा आकडा आला कुठून?

कोल्हापुरात राजारामपुरीच्या कुठल्याही गल्लीतल्या लॅबमधून थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईची नजर हल्ली टीएसएचच्या आधी अँटी-टीपीओवर जाते. टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, ग्रंथी मंदावली की ते वाढतं; अँटी-टीपीओ म्हणजे थायरॉईडमधल्या टीपीओ या एन्झाइमविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या अँटीबॉडी. आकडा ६०० च्या पुढे, शेजारी ‘हाय’. मग पहिला प्रश्न: हा खाली कसा आणायचा?

हा आकडा ज्यात वाढतो, त्या हाशिमोतोच्या दुखण्याचं पहिलं वर्णन १९१२ चं. हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जनने चार बायकांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर थायरॉईडमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी! लेख जर्मनमध्ये छापून तो गावी दवाखाना चालवायला निघून गेला. त्या पेशी तिथे का जमतात, हे पुढची चाळीसेक वर्षं कुणी सांगू शकलं नाही. शरीर स्वतःवरच उलटत नसतं, ही समज वैद्यकात फार पक्की होती.

ती मोडली १९५६ मध्ये. अमेरिकेत बफेलोला नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचला. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या, ग्रंथीही बिघडल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनिआक आणि कॅम्पबेल यांना हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात तशाच अँटीबॉडी सापडल्या. त्या थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या होत्या. आज रिपोर्टवर दिसणाऱ्या टीपीओची ओळख पटायला १९८५ उजाडलं.

आकड्याचा खरा अर्थ लावला तो इंग्लंडमधल्या व्हिकमच्या पाहणीने. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. अँटीबॉडी आहेत पण टीएसएच नॉर्मल आहे, अशा बायकांपैकी वर्षाला साधारण दोन टक्के जणींचा थायरॉईड मंदावला; टीएसएचही वाढलेला असेल तर चार टक्क्यांहून थोड्या जास्त. म्हणजे आकडा पुढचा अंदाज देतो, औषधाचा डोस ठरवत नाही. डोस ठरतो टीएसएचवर, आणि एकदा अँटीबॉडी निघाल्या की त्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी करण्यात फक्त पैसे जातात.

सेलेनियम या खनिजाने काही अभ्यासांत अँटीबॉडींचा आकडा उतरला खरा, पण त्याने रुग्णाला बरं वाटतं किंवा थायरॉईडची गोळी टळते, हे सिद्ध झालेलं नाही. अँटीबॉडी आहेत, टीएसएच नॉर्मल आहे, पण गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास आहे, अशा बायकांना थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, देऊन ब्रिटनमध्ये पाहिलं गेलं. २०१९ च्या त्या चाचणीत मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

गोळी सुरू असेल, तर कोल्हापुरात जपायचं ते सकाळच्या दुधापासून. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा नाहीतर गंगावेशीतलं धारोष्ण दूध अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या चार तासांनी.