टाळूवरचे अडीचशे ग्रॅम

दुपारी तीन वाजले की माझं डोकं दुखायला लागायचं. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती उतरवून काढणं हे माझं काम, त्यामुळे रोज सहा-सात तास हेडफोन डोक्यावर असतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासून घेतले, तर नंबर होता तोच. मग एकदा केस विंचरताना टाळूवर कंगवा लागला आणि कळवळलेच. हेडफोनची पट्टी टेकते, नेमकं तिथेच दुखत होतं. हेडफोन उचलला आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. २५२ ग्रॅम. साखरेची पाव किलोची पुडी.

पाव किलो काही फार नव्हे, पिशवीत असलं तर जाणवणारही नाही. पण त्वचेला बोचतो तो दाब, आणि दाब ठरतो ते वजन किती जागेवर टेकलंय यावर. ती जागा शोधायची एक सोपी रीत आहे. हेडफोन घालायचा आणि पट्टीखालून एक पोस्टकार्ड सरकवत न्यायचं. माझ्या पट्टीखाली ते दोन्ही बाजूंनी सहज आत गेलं आणि अगदी मध्यावर अडलं. अडलेली जागा जेमतेम पाच चौरस सेंटिमीटर, टपाल तिकिटाएवढी. सगळा भार तिथेच पडतोय असं धरलं, तर दाब होतो पाऱ्याच्या ३७ मिलिमीटरएवढा. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधल्या रक्ताचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरचा दाब बराच वेळ त्याच्या वर राहिला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि ती जागा दुखू लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस थोड्या थोड्या वेळाने बदलतात, त्यामागेही हेच कारण आहे. तेच २५२ ग्रॅम रुंद, मऊ कापडी पट्ट्यावर पंचवीस चौरस सेंटिमीटरभर पसरले, तर दाब सात-आठ मिलिमीटरवर येतो. म्हणून खोक्यावर छापलेलं वजन बघून हेडफोन घेऊ नये असं मला वाटतं. कडक पट्टीचा १८० ग्रॅमचा हेडफोन कापडी पट्ट्याच्या अडीचशे ग्रॅमच्या हेडफोनपेक्षा जास्त छळू शकतो.

दुसरा दाब बाजूंनी येतो. पट्टी स्प्रिंगसारखी दोन्ही वाट्या कानांवर दाबून धरते. ही पकड सैल असेल तर मान हलवली की हेडफोन घसरतो, घट्ट असेल तर तासाभरात कानशिलं ठणकतात. चष्मेवाल्यांना तर दुहेरी त्रास, कारण गादी पातळ असली की चष्म्याची दांडी थेट हाडावर दाबली जाते. त्याच दांडीमुळे गादी आणि त्वचा यांच्यात एक बारीक फट राहते. आरामाचा आणि आवाजाच्या दर्जाचा संबंध जुळतो तो या फटीपाशी.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात. पुडी जड होते, सावकाश थरथरते आणि घुमारदार खर्ज निघतो. खर्ज हवा तर वस्तू जड हवी, असं आपल्या मनात बसलेलं असतं. हेडफोनचं गणित निराळं आहे. स्पीकरला खोलीभरची हवा हलवावी लागते, हेडफोनला फक्त वाटी आणि कानाचा पडदा यांच्यामधली इवलीशी हवा. ती हलवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा साधारण चाळीस मिलिमीटर रुंद आणि एका ग्रॅमहूनही हलका असतो. वाटी कानाभोवती नीट बसली की त्या कोंडलेल्या हवेत खालचे स्वर सहज भरतात. बारीकशी फट राहिली तरी पहिल्यांदा खर्जच निसटतो, वरचे स्वर मात्र जवळजवळ तसेच राहतात. बंद वाटीचा हेडफोन घालून ओळखीचा अभंग लावा आणि गादीखाली पेन्सिल सरकवा. टाळ तसेच खणखणत राहतील, पखवाज मात्र एकदम पोकळ होईल. पेन्सिल काढून वाट्या तळव्यांनी किंचित दाबल्या की तो परत भरून येतो. ‘याला बेस नाही’ म्हणून नावं ठेवलेल्या कितीतरी हेडफोनांचा दोष एवढाच असतो की ते त्या डोक्यावर नीट बसलेले नसतात.

हलका आणि चांगला हेडफोन बनू शकतो, हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही. १९६८ साली जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ हा हेडफोन आणला. पिवळ्या स्पंजच्या गाद्या आणि मागून उघड्या वाट्या, वजन दीडशे ग्रॅमच्याही आत. १९७९च्या जुलैत जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला, तेव्हा त्याच्यासोबतचा हेडफोन पन्नासेक ग्रॅमचा होता. त्याआधीचे बहुतेक हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असायचे. पुढे निओडिमियमची चुंबकं आली. जुन्या फेराइट चुंबकाच्या साधारण दहापट ऊर्जा तेवढ्याच आकारात मावू लागली आणि जड चुंबकाची गरजच संपली. आज वजन वाढतं ते बॅटरी, मायक्रोफोन, गोंगाट दाबणारं सर्किट आणि धातूची सजावट यांनी. घरात बसून ऐकायचं असेल तर मी वायरवाला हेडफोन घ्या म्हणेन. त्यात बॅटरी डोक्यावर वाहावी लागत नाही आणि तेवढ्याच पैशात आवाज बहुधा सरस मिळतो.

उघड्या वाट्यांमध्ये पडद्यापुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटते, त्यामुळे अगदी खालचा खर्ज थोडा विरतो. बदल्यात कान घामेजत नाहीत आणि माणसाचा आवाज समोर बसून बोलल्यासारखा मोकळा येतो. बोलणं ऐकायचं असेल तर मला यापरतं सुख नाही. लोकलमध्ये मात्र असा हेडफोन अजिबात नको. गाडीचा खडखडाट आत येतो आणि त्याच्यावर मात करायला आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित आहेत. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात.

दुकानात दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा लावून घ्या. हा आग्रह मी सगळ्यांकडे धरते. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. म्हणून नुसता थोडा मोठ्याने वाजणारा हेडफोनही भरदार वाटतो आणि आपण तोच उचलतो. खोक्यावरच्या ‘२० ते २०,००० हर्ट्झ’वरही जाऊ नका, त्या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठला स्वर किती चढा आणि कुठला दबका हे त्यातून कळत नाही. किमतीवरूनही ते कळत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोन मोजले होते, आणि स्वरांचा हा समतोल आणि किंमत यांच्यात काहीच संबंध सापडला नाही.

दुकानदाराला सांगून हेडफोन चष्म्यासकट वीस मिनिटं तरी डोक्यावर ठेवा. दोन मिनिटांत सगळेच मऊ लागतात. गाद्या सुट्या मिळतात का, हेही तिथेच विचारा. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामाने नकली चामड्याचं पॉलियुरेथेन दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडू लागतं, आणि ते काळे कण कानामागे चिकटतात. मखमली कापडाची गादी त्या मानाने टिकते आणि गरमही कमी होते, पण तिच्यातून हवा झिरपते, म्हणून बंद वाटीत खर्ज थोडा उतरतो. मी मखमली घेतली. नव्या हेडफोनचं वजन २३८ ग्रॅम, म्हणजे जुन्यापेक्षा चौदाच ग्रॅम कमी. फक्त पट्टा कापडी आणि रुंद आहे, आणि पोस्टकार्ड आता त्याच्या कडेलाच अडतं.